राखीव प्रत आणि रंगीत तालीम

मुद्रित ग्रंथ आणि संकेतस्थळ यांच्यात एक मूलभूत भेद आहे. ग्रंथाच्या हजार प्रती छापल्या की त्या हजार ठिकाणी जातात. पुढे दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात काही प्रकरणे बदलली, काही चुकाही शिरल्या, तरी पहिली आवृत्ती कोठल्या ना कोठल्या ग्रंथालयाच्या कपाटात शिल्लक असते. संकेतस्थळाचे तसे नाही. ते हजारो वाचकांना दिसत असले, तरी लहान संस्थेच्या बाबतीत ते बहुधा एकाच ठिकाणी, एकाच सर्व्हरवर नांदत असते. आणि त्यात केलेला बदल पाटीवर लिहावे तसा आधीचे पुसून लिहिला जातो. नवी आवृत्ती निघते त्याच क्षणी जुनी नाहीशी होते.

म्हणूनच संकेतस्थळात फेरफार करण्यापूर्वी दोन व्यवस्था कराव्या लागतात. पहिली राखीव प्रतीची, जिला व्यवहारात ‘बॅकअप’ असे म्हणतात. दुसरी ‘स्टेजिंग’ची, म्हणजे मूळ स्थळाचे हुबेहूब प्रतिरूप वाचकांच्या दृष्टीआड उभारून त्यावर बदल करून पाहण्याची. नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी वेषभूषेसह, प्रकाशयोजनेसह जी रंगीत तालीम होते, तिचेच हे संगणकीय रूप होय. या दोन व्यवस्था सामान्यतः वेगवेगळ्या समजल्या जातात. त्या एकमेकींशी किती घट्ट बांधलेल्या आहेत, हे दाखविणे हा या प्रकरणाचा उद्देश आहे.

संकेतस्थळ कशाचे बनलेले असते?

उदाहरणादाखल एखाद्या जिल्हा ग्रंथालयाचे संकेतस्थळ घेऊ. ते ‘वर्डप्रेस’ या मुक्तपणे उपलब्ध असलेल्या सॉफ्टवेअरवर चालते, असे समजू. सभासद तेथे ग्रंथांची मागणी नोंदवितात, ग्रंथपाल सूचना प्रसिद्ध करतात, जुनी छायाचित्रेही पाहावयास मिळतात. हे सारे बाहेरून एकसंध दिसत असले, तरी आत त्याचे दोन भाग असतात.

पहिला भाग फायलींचा. त्यात वर्डप्रेसचा स्वतःचा कार्यक्रम, पानांना रूप देणारी ‘थीम’, मागणीपत्रकासारख्या सोयी पुरविणारे ‘प्लगइन’, चढविलेली छायाचित्रे आणि सर्व जोडण्यांची माहिती असलेली एक फाईल यांचा समावेश होतो. दुसरा भाग माहितीसाठ्याचा, म्हणजे डेटाबेसचा. लेखांचा मजकूर, सभासदांची नावे, त्यांच्या मागण्या आणि स्थळाच्या बहुतेक मांडण्या येथे असतात. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हे सॉफ्टवेअर हा साठा सांभाळते.

यांपैकी वर्डप्रेसचा कार्यक्रम केव्हाही पुन्हा मिळू शकतो. परंतु छायाचित्रे आणि माहितीसाठा जगात अन्यत्र कोठेही नसतो. केवळ फायलींची प्रत घेतली तर ग्रंथाविना कपाट हाती राहते. केवळ माहितीसाठ्याची घेतली तर लेख उरतात, पण चित्रांच्या जागा रिकाम्या दिसतात. म्हणून दोन्ही भागांची प्रत, शक्यतो एकाच वेळी, घ्यावी लागते. माहितीसाठ्याच्या फायली चालू अवस्थेत नुसत्या उचलून ठेवणे सुरक्षित नाही, कारण त्या क्षणी त्यांत लेखन चालू असू शकते. त्याकरिता ‘मायएसक्यूएल-डम्प’ यासारखे साधन वापरतात. ते संपूर्ण साठा पुन्हा उभारता येईल अशा आज्ञांच्या रूपात एका मजकूर-फायलीत लिहून देते.

प्रत कोठे ठेवावी, किती ठेवाव्यात?

घेतलेली प्रत त्याच सर्व्हरवर ठेवणे म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखे आहे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या संगणक-केंद्राला आग लागली आणि एक संपूर्ण इमारत जळून गेली. तेथे ज्यांची संकेतस्थळे होती, त्यांपैकी काहींच्या राखीव प्रतीही त्याच परिसरात होत्या. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच रात्री नष्ट झाल्या.

या धोक्यावरचा एक सुटसुटीत नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जातो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. आपल्या ग्रंथालयापुरते बोलायचे, तर सर्व्हरवरील मूळ, कार्यालयातील वेगळ्या डिस्कवरची एक प्रत आणि दुसऱ्या शहरातील साठवण-सेवेत ठेवलेली एक प्रत, एवढे पुरेसे आहे.

प्रतीच्या पिढ्याही राखाव्या लागतात. ‘मॅग्नोलिया’ नावाच्या एका सेवेत लोक आपल्या आवडीच्या संकेतस्थळांच्या नोंदी जपून ठेवीत असत. जानेवारी २००९ मध्ये तिचा माहितीसाठा बिघडला. प्रत घेण्याची व्यवस्था होती. पण ती मूळ फाईल जशी असेल तशी दुसरीकडे उतरवीत असल्यामुळे बिघडलेला साठाच इमानेइतबारे प्रतीतही उतरला. साठा परत मिळविता आला नाही. आरसा ही राखीव प्रत नव्हे, हा यातून घ्यावयाचा धडा आहे. प्रत दिनांकित असावी आणि नवी घेतली म्हणून जुनी लगेच पुसू नये. रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या काही प्रती ठेवल्या, तर उशिरा ध्यानात आलेल्या चुकीच्याही मागे जाता येते.

गिटलॅबची रात्र

एवढी सारी दक्षता घेतली तरी एक प्रश्न उरतोच. ठेवलेली प्रत खरोखर उपयोगी पडेल काय? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर ‘गिटलॅब’ या कंपनीच्या अनुभवात मिळते. सॉफ्टवेअर लिहिणारे लोक आपली संहिता आणि तिच्याविषयीची चर्चा या कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवतात.

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील माहितीसाठ्यावर अतोनात ताण आला होता. मुख्य सर्व्हरचे अनुकरण करणारा दुय्यम सर्व्हर मागे पडला होता. तो नव्याने जुळविण्यासाठी एका अभियंत्याने त्याची साठवण रिकामी करण्याची आज्ञा दिली. परंतु ती दुय्यमाऐवजी मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांतच चूक लक्षात येऊन आज्ञा थांबविण्यात आली. तोपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी केवळ ४.५ गिगाबाइट शिल्लक राहिले होते.

आता राखीव प्रतींकडे धाव घेतली गेली, तेव्हा एकेक व्यवस्था कोसळत गेली. दैनंदिन प्रत घेणारे साधन माहितीसाठ्याच्या आवृत्तीशी जुळत नव्हते; साठा पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा, साधन ९.२ चे. त्यामुळे प्रती तयारच होत नव्हत्या. अपयशाची सूचना देणारे टपाल पाठविले जात होते; पण आवश्यक प्रमाणीकरणाअभावी ते पलीकडे नाकारले जात होते. डिस्कची छायाप्रत घेण्याची सोय अन्य सर्व्हरांसाठी चालू होती, माहितीसाठ्याच्या सर्व्हरांसाठी नव्हती. दुय्यम सर्व्हरची साठवण तर या कामात आधीच रिकामी केलेली होती.

अखेर उपयोगी पडली ती एकच प्रत. अपघातापूर्वी सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने काही चाचणीसाठी मुख्य साठ्याची छायाप्रत घेऊन ती स्टेजिंगच्या सर्व्हरवर उतरविली होती. तिच्यावरूनच संकेतस्थळ पुन्हा उभे राहिले. त्या सर्व्हरच्या डिस्क संथ असल्याने या पुनःस्थापनेला सुमारे १८ तास लागले. लोकांची संहिता निराळीकडे साठविलेली असल्यामुळे ती सुखरूप होती. मात्र मधल्या सहा तासांतील सुमारे पाच हजार प्रकल्पांच्या नोंदी, पाच हजार अभिप्राय आणि सातशे नवे सभासद यांची माहिती गेली.

गिटलॅबने या प्रसंगाचा सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केला आणि दोष एका व्यक्तीच्या माथी न मारता कार्यपद्धतीत शोधला. ते योग्यच होते. थकलेल्या माणसाच्या हातून चुकीची आज्ञा कोठेही जाऊ शकते. खरी उणीव अशी होती की प्रती घेतल्या जात आहेत असे सर्वांनी गृहीत धरले होते, आणि त्या उघडून पाहण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नव्हते.

प्रतीची परीक्षा तालमीत

आता राखीव प्रत आणि रंगीत तालीम यांचा संबंध स्पष्ट होईल. जी प्रत कधी पुन्हा उभारून पाहिली नाही, ती प्रत आहे असे म्हणता येत नाही. ती केवळ आशा असते. ही परीक्षा घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे स्टेजिंगचे स्थळ चालू स्थळावरून परस्पर न उतरविता राखीव प्रतीतूनच उभारणे. असे केल्याने एका श्रमात दोन कामे होतात. तालमीसाठी रंगमंच सिद्ध होतो, आणि प्रत सगळी आहे की नाही, ती उभारण्यास किती वेळ लागतो, हेही कळून येते. हा वेळ लिहून ठेवावा. संकटात सर्वप्रथम विचारला जाणारा प्रश्न तोच असतो.

तालीम खरी ठरावी यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. स्टेजिंगच्या सर्व्हरवरील पीएचपी आणि माहितीसाठा यांच्या आवृत्त्या मूळ सर्व्हरप्रमाणेच असाव्यात; अन्यथा तालमीत यशस्वी झालेला बदल प्रयोगात फसतो. प्रतिरूपाचा पत्ता वेगळा असल्याने माहितीसाठ्यातील जुना पत्ता सर्वत्र बदलावा लागतो. येथे घाई नडते. वर्डप्रेसच्या काही मांडण्या अक्षरांच्या मोजणीसह साठविलेल्या असतात. साध्या शोध-बदलाने पत्ता लांब वा आखूड झाला की मोजणी चुकते आणि ती मांडणी वाचता येईनाशी होते. ‘डब्ल्यूपी-सीएलआय’ या साधनातील शोध-बदलाची आज्ञा ही मोजणीही दुरुस्त करते, म्हणून तीच वापरावी.

प्रतिरूप हे केवळ चित्र नसून जिवंत यंत्र असते, हेही विसरू नये. त्यात खऱ्या सभासदांचे खरे पत्ते असतात. बंदोबस्त न केल्यास ‘आपण मागविलेला ग्रंथ आला आहे’ असे टपाल ते चारशे सभासदांना खुशाल पाठवील. म्हणून टपाल पाठविण्याची सोय तेथे बंद करावी, पैसे स्वीकारणारी सोय चाचणीच्या अवस्थेत ठेवावी, ठराविक वेळी आपोआप चालणारी कामे थांबवावी आणि सारे स्थळ परवलीच्या शब्दाआड ठेवावे. परवलीच्या शब्दामुळे शोधयंत्रेही तेथे पोहोचत नाहीत आणि सभासदांची माहितीही उघडी पडत नाही. तालीम संपल्यावर प्रतिरूप नको असेल तर ते पुसून टाकावे. विस्मरणात पडलेले, जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारे प्रतिरूप घुसखोरांना हमखास सापडणारी मागची खिडकी असते.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस

तालमीत बदल तपासून झाला, मागणीपत्रक भरले गेले, शोध चालला, लहान पडद्यावर पाने नीट दिसली, म्हणजे बदल मूळ स्थळावर न्यावयाचा. यावेळी होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे संपूर्ण प्रतिरूप उचलून मूळ स्थळावर ठेवणे. तालीम चार दिवस चालली असेल, तर त्या चार दिवसांत सभासदांनी मूळ स्थळावर नव्या मागण्या नोंदविलेल्या असतात. प्रतिरूपाचा माहितीसाठा वर चढविला की त्या साऱ्या पुसल्या जातात, आणि कोणत्याही यंत्राला त्यात काही चुकले असे वाटत नाही. म्हणून नियम असा की फायलींतील बदल प्रतिरूपाकडून मूळ स्थळाकडे जातात. माहिती मात्र मूळ स्थळाकडून प्रतिरूपाकडे येते. मांडण्यांमध्ये काही बदल केला असेल, तर त्याची टिपणे ठेवून तो मूळ स्थळावर पुन्हा हाताने करावा.

दिवस आणि वेळ वर्दळ कमी असेल अशी निवडावी. आदल्या रात्रीची प्रत आहे म्हणून न थांबता, बदलाच्या लगेच आधी आणखी एक प्रत घ्यावी. दोन प्रतींमधील अंतर हेच आपले संभाव्य नुकसान असते. करावयाच्या पायऱ्या क्रमाने कागदावर लिहाव्यात आणि कोणत्या सर्व्हरवर आहोत हे प्रत्येक आज्ञेपूर्वी पाहावे. माघारीची वेळही आधीच ठरवावी. अर्ध्या तासात स्थळ सुरळीत झाले नाही तर जुनी स्थिती परत आणावयाची, असे शांतपणी ठरविलेले असले, म्हणजे गोंधळाच्या क्षणी दुरुस्तीवर दुरुस्ती करीत बसण्याचा मोह टळतो.

या कामाला महागडी सामग्री लागत नाही. एक स्वस्त डिस्क, दूर कोठे तरी थोडी जागा आणि महिन्यातून एक दुपार एवढ्यावर लहान ग्रंथालयालाही ते साधता येते. त्या दुपारी सर्वांत अलीकडची प्रत काढावी, तिच्यातून स्थळ दुसरीकडे उभे करावे, चार पाने उघडून पाहावीत आणि तारीख, लागलेला वेळ व पाहणाऱ्याचे नाव नोंदवहीत लिहावे. ज्या नोंदवहीत मागच्या महिन्याची अशी नोंद आहे, त्या ग्रंथालयाने उद्या बदल करावयास हरकत नाही. जिच्यात ती नाही, तेथे बदल थांबवून प्रथम ही दुपार काढली पाहिजे.