बाळंतपणाची पगारी रजा : भार कोणाचा?



आपल्या भद्रावतीत शेजारी राहणाऱ्या दोन मातांचा विचार करू. पहिली केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. तिला बाळंतपणासाठी १८० दिवसांची भरपगारी रजा मिळते. तिचा पतीही तशाच नोकरीत असेल तर त्याला १५ दिवस. दुसरी निंदणाला, कापूस वेचायला मजुरीने जाते. ती घरी राहिली की मजुरी बुडाली. बाळ दोन महिन्यांचे होते न होते तोच ती धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधून कामाला लागते.

अशी रजा मालकाच्या मर्जीवर सोडावी, की सरकारने सक्ती करावी? हा प्रश्न जुना आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून बराचसा भार सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. मात्र स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तेव्हा त्यालाही मोकळे सोडता येणार नाही, असेही ते म्हणाले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. तेथे तो १९३० मध्ये आला, आणि खाणीत राबणाऱ्या स्त्रियांसाठी १९४१ मध्ये.

पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, २६ आठवडे कायम राहिले.

पण पैसे कोण देतो? कर्मचारी राज्य विमा योजनेत कामगार व मालक दोघेही वर्गणी भरतात आणि त्या निधीतून मातेला रक्कम मिळते. जिथे ही योजना नाही तिथे सहा महिन्यांचा सगळा पगार एकट्या मालकाच्या अंगावर येतो. मग दहा-बारा माणसांचा मालक नोकरी मागायला आलेल्या नवविवाहितेला गोड बोलून परत पाठवतो. कायदा तिच्यासाठी केला, आणि नोकरी तिचीच गेली! म्हणून माझे मत असे की सक्ती हवीच, पण खर्च सर्वांनी वाटून घ्यावा. खासगी नोकरीतील पित्याला तर कायद्याने एक दिवसही मिळत नाही. त्यालाही रजा असती, तर मूल ही फक्त बाईच्या नोकरीतली अडचण ठरली नसती.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झरचेन्स’ या परिपत्रकात हेच शिकवले आहे. भेदभाव न होता, इतर स्त्रियांच्या मागे न पडता मातेला मुलांकडे लक्ष देता यावे, अशी सोय करणे समाजाला भूषणावह आहे, असे ते सांगतात.

आता ती दुसरी माता. तिला प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळू शकतात. सहा महिन्यांच्या पगारापुढे ही रक्कम थोडीच. तरी अंगणवाडीत चौकशी करायला विसरू नका.

आपल्या धर्मग्रामातील काही भगिनी ठेकेदाराकडे रोजंदारीवर आहेत. रोजंदारीला कसली रजा, असे त्यांना ऐकवले जाते. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला, की रोजंदार स्त्रीलाही हा लाभ मिळाला पाहिजे. अट एवढीच, की प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे. तेव्हा हजेरीची नोंद आणि पगाराची चिठ्ठी घरी जपून ठेवा.