गळ टाका, नदी राखा

प्रश्न : परदेशात पिसांच्या माशीने ट्राउट धरतात. लोहाऱ्याजवळ तेरणेत हे शिकता येईल का? नदीला मात्र त्रास नको.

उत्तर : ट्राउट थंड पाण्याचा, तो काश्मीर-हिमाचलात. तेरणेत मरळ शोधा. तो पिसांच्या बेडकीवरही झेपावतो. आधी मोकळ्या रानात, गळ न बांधता दोरी फेकायचा सराव करा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, म्हणजे मासा कमी जखमी होतो. सोडायचा असेल तर ओल्या हातानेच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. पावसाळ्यात नर-मादी पिलांची राखण करतात, तेव्हा मरळ धरू नका. तुटलेला नायलॉन दोरा घरी न्या. माकणी धरणावर जायचे तर आधी मत्स्यव्यवसाय विभागाकडे परवानगीची चौकशी करा.