साच्यातील आपला शब्द

मराठी शाळेतून वाणिज्य शाखेत आलेल्या मला वाटे, संगणकाला आज्ञा इंग्रजीतूनच द्यावी लागते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने तो समज खोडला. तेथील साचा म्हणजे पावतीपुस्तकच: मजकूर कायम, तपशील तेवढा बदलतो. पान दुसरीकडे वळवण्यास '#पुनर्निर्देशन' लिहिले की पुरते.

हे कसे घडते? यंत्रणेच्या भाषा-फाइलीत प्रत्येक आज्ञेपुढे तिची पर्यायी नावे नोंदवतात. खतावणीत एका खात्याला दोन नावे, शिल्लक मात्र एकच! मूळ इंग्रजी नावही चालू राहते. म्हणून जुनी पाने बिघडत नाहीत.

मित्रहो, 'वर्ग' हा शब्द तर कन्नड विकिपीडियातही तोच आहे. निपाणीकरांना एकदाच शिकावा लागतो!