फोनच्या बटणांवर पळणारा हुगो



डेन्मार्क किंवा तुर्कस्तानातल्या एखाद्या चाळिशीच्या गृहस्थापुढे 'हुगो' एवढे नुसते नाव उच्चारून पाहा. बहुधा त्याचा चेहरा खुलेल आणि तो लहानपणच्या गोष्टी सांगू लागेल. हा हुगो म्हणजे कोणी खेळाडू किंवा नट नव्हे. तो आहे एक ट्रोल. स्कँडिनेव्हियाच्या लोककथांत डोंगरकपारीत राहणारे जे प्राणी असतात, त्यांपैकी एक. (आजकाल मोबाईलवर लोकांना छळणारे 'ट्रोल' वेगळे!) १९९० साली डेन्मार्कच्या 'टीव्ही २' या वाहिनीवरील 'एलेवाटोरेन', म्हणजे 'लिफ्ट', या कार्यक्रमात तो प्रथम दिसला. पुढे फ्रान्स, स्पेन, जर्मनी, पोलंड, तुर्कस्तान अशा चाळीसहून अधिक देशांत त्याचे कार्यक्रम झाले.

त्यात विशेष काय होते? घरी बसलेले एखादे मूल स्टुडिओत फोन करी. मग पडद्यावर व्हिडिओ गेम सुरू होई आणि हुगोला पळवण्याचे काम त्या मुलाच्या हातातल्या फोनची बटणे करीत. चेटकिणीने पळवून नेलेली बायको हुगोलिना आणि तीन मुले यांना सोडवायला हुगो निघालेला असे. बटण दाबले की हुगो बाजूला वळे. तो वळलेला देशभरातील मुलांना आपापल्या घरी, त्याच क्षणी दिसे. मधूनच हा पठ्ठ्या पडद्याच्या आतून काचेवर टकटक करून खेळणाऱ्याला हाक मारी!

अलीकडे माझ्या एका विद्यार्थ्याने या कार्यक्रमाच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या आणि मला विचारले, "सर, लोकांना अजून याची इतकी आठवण येते, तर पुन्हा सुरू का करत नाहीत? आता तर तंत्रज्ञान किती पुढे गेलंय!" प्रश्न मोठा मार्मिक आहे. कार्यक्रम बंद पडण्याची कारणे अनेक असतात. परंतु तो जसाच्या तसा पुन्हा उभा करता येत नाही, याचे एक कारण तंत्रज्ञान पुढे गेले हेच आहे. कसे ते पाहू या.

प्रथम बटणाची गोष्ट. आमच्या घरी मी लहान असताना तबकडीचा काळा फोन होता. तबकडी फिरवून सोडली की ती परत येताना तारेतील विद्युत्प्रवाह ठरावीक वेळा तुटे. ५ फिरवला तर पाच वेळा. ही तुटक स्पंदने जवळच्या टेलिफोन एक्स्चेंजला समजत, पण तेथेच संपत. पलीकडच्या माणसापर्यंत ती संदेश म्हणून पोहोचत नसत. म्हणजे तबकडीच्या फोनवर हुगो खेळणे अशक्यच.

बटणांच्या फोनने ही अडचण दूर केली. अमेरिकेत १९६३ साली ग्राहकांना मिळू लागलेल्या या पद्धतीत प्रत्येक बटण दोन सूर एकदम वाजवते. बटणांच्या चार आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२ आणि ९४१ हर्ट्झ अशा वारंवारता दिलेल्या आहेत, तर तीन उभ्या रांगांना १२०९, १३३६ आणि १४७७ हर्ट्झ. '४' दाबला की ७७० आणि १२०९ हर्ट्झचे सूर मिळून वाजतात. '६' दाबला की ७७० आणि १४७७. फोनची तार सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचे आवाज वाहून नेते, त्यामुळे हे सूर बोलण्यासारखेच थेट स्टुडिओपर्यंत जातात. तेथे कोणते दोन सूर आले हे ओळखणारे मंडल बसवले की झाले.

तुम्ही विचाराल, एका बटणाला एकच सूर का नाही? याचे उत्तर आहे माणसाचा आवाज! एखादे मूल आनंदाने किंचाळले आणि त्यात नेमका तोच सूर निघाला, तर हुगो उगाच वळायचा. दोन ठरावीक सूर एकाच वेळी, सारख्या जोराने आणि निदान काही शतांश सेकंद टिकून येणे हे मात्र माणसाच्या गळ्यातून सहसा घडत नाही. शिवाय या वारंवारता अशा निवडल्या आहेत, की कोणतीही एक दुसरीच्या दुप्पट किंवा तिप्पट नाही. मला ही योजना फार देखणी वाटते. याआधी १९७८ पासून अमेरिकेत 'टीव्ही पाव' नावाचा असाच कार्यक्रम होता. त्यात फोनवरून 'पाव!' असे ओरडले की पडद्यावर गोळी सुटे. (आपल्याला वड्याची आठवण होणार!) पण ओरडण्यातून एकच हुकूम देता येतो, डावे-उजवे नाही.

आता खरी मेख. बटण दाबल्यापासून हुगो वळलेला दिसेपर्यंत किती वेळ जाई?

फोनच्या तारेत संदेश इतक्या वेगाने जातो, की देशातल्या देशात तो वेळ सोडून द्यावा. संगणकाने नवे चित्र काढायला काही शतांश सेकंद लागतील. स्टुडिओतून निघालेले चित्र मनोऱ्यावरून रेडिओलहरींच्या रूपाने घरी येते. ३०० किलोमीटर अंतर धरले तरी सेकंदाचा हजारावा भाग. आणि जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र साठवून ठेवण्याची सोयच नव्हती! लहर जशी येई तशी इलेक्ट्रॉनांची शलाका पडद्यावर ओळी रेखीत जाई. म्हणजे एकूण उशीर फार तर एक दशांश सेकंदाच्या आसपास. चित्र पाहून बोट हलवायला माणसालाच सुमारे ०.२ सेकंद लागतात. त्यापुढे यंत्रांचा उशीर जाणवत नसे.

डेन्मार्कमध्ये जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २००९ साली बंद झाले आणि अंकीय प्रक्षेपण आले. चित्र सुबक झाले, वाहिन्या वाढल्या. पण अंकांच्या रूपात चित्र फार जागा खाते, ते शंभरपट किंवा त्याहून जास्त आकसावे लागते. त्यासाठी यंत्र एक चित्र पूर्ण पाठवते आणि नंतरच्या चित्रांतला फक्त बदल पाठवते. काही चित्रे तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांवरून बनवली जातात. साहजिकच पुढचे चित्र येईपर्यंत मधल्याला थांबावे लागते. तुमच्या गावची वडाप जीप आठवा. जागा भरल्याशिवाय ती सुटत नाही. पहिला प्रवासी घड्याळ पाहत बसतो. त्यात उपग्रहामार्गे प्रक्षेपण असेल तर वर-खाली मिळून सुमारे ७२,००० किलोमीटरचा प्रवास, म्हणजे आणखी ०.२४ सेकंद. हे सारे मिळून काही सेकंद होतात. इंटरनेटवरून पाहिले तर कधी कधी अर्धे मिनिटही!

समजा उशीर ३ सेकंदांचा आहे. रुळांवरून गाडी हाकणाऱ्या हुगोला पुढे अडथळा दिसतो, मूल '६' दाबते. पण स्टुडिओतल्या संगणकावर ती गाडी आधीच आदळलेली असते. बिचाऱ्या मुलाला ते अजून दिसायचे आहे इतकेच.

यावर उपाय नाही का? आहे. खेळणाऱ्या मुलाला मोबाईलवर वेगळे, जलद चित्र पाठवता येईल. व्हिडिओ कॉलमध्ये तेच करतात, थोडे अस्पष्ट चित्र चालवून घेतात. खेळ होईल. पण घरातला टीव्ही मात्र मागून येईल, आणि आजी म्हणेल, "अरे, वळव की!" तेव्हा नातवाचा खेळ संपलेलाही असेल. आपण बोट दाबावे आणि त्याच क्षणी दिवाणखान्यातले, शेजारचे आणि दूरच्या गावचे चित्र एकदम हलावे, ही गंमत त्यात उरत नाही. त्या चाळिशीच्या मंडळींना हुगोइतकीच ही गंमत आठवत असणार. अर्थात ती दररोज मोजक्याच मुलांच्या वाट्याला येई आणि घरी बटणांचा फोन नसलेली मुले नुसती पाहत बसत, हेही विसरू नये.

हा उशीर तुम्हाला घरबसल्या मोजता येईल. क्रिकेटचा सामना चालू असताना एका मित्राने डिशच्या टीव्हीसमोर बसावे, दुसऱ्याने मोबाईलवर तोच सामना लावावा. चेंडू बॅटला लागताच पहिल्याने "आता!" म्हणावे आणि दुसऱ्याने तेव्हापासून त्याच्याकडे तो चेंडू लागेपर्यंतचा वेळ विरामघड्याळाने मोजावा. दहा चेंडूंची सरासरी काढा. हा मात्र दोन उशिरांमधला फरक झाला, पूर्ण उशीर नव्हे.

तुमचा स्वतःचा प्रतिक्रियाकाल काढायला पट्टी पुरे. मित्राने पट्टी उभी धरावी, शून्याच्या खुणेपाशी तुम्ही चिमूट उघडी ठेवावी. त्याने न सांगता पट्टी सोडली की पकडा. २० सेंटिमीटरवर पकडलीत तर वेळ ०.२ सेकंद. हे कसे आले, ते पतनाच्या सूत्रावरून स्वतःच काढून पाहा.