गाडी, गड आणि तुम्ही दोघं

अगं, लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही दोघांनी बुलेट घेतलीत आणि आता हरिश्चंद्रगडाचा बेत चाललाय, हे ऐकून मला मनापासून बरं वाटलं. मुलुंडच्या वन-बीएचकेत सगळ्यांच्या मधे नवरा-बायकोला धड बोलायलाही मिळत नाही. रस्त्यावर मिळतं, डोंगरात तर फारच मिळतं. तेव्हा जा, जरूर जा. सासूबाई कुरकुरल्या तर त्यांच्याशी वाद नको. कुठे जाणार, कधी परतणार ते सांग, ज्या घरात उतरणार तिथला फोन नंबर देऊन ठेव. त्यांचाही जीव टांगणीला लागू नये.

पण एक गोष्ट माझी ऐकाच. गाडी आणि गड एका दिवसात कोंबू नका.

हिशेब करून बघ. पहाटे चारला निघायचं, कल्याण-मुरबाड करत माळशेज चढायचा, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून वर जायला तीन-चार तास. मग केदारेश्वराची गुहा, कोकणकडा, तेवढंच उतरणं. आणि दिवेलागणीला पुन्हा शंभरावर किलोमीटर गाडी. कड्यावर आपण जपून पाऊल टाकतो, कारण भीती डोळ्यांसमोर असते. पायथ्याला आलो की वाटतं, संपला ट्रेक. खरा धोका तिथून पुढे असतो. मांड्या भरून आलेल्या, पोटात गरम भाकरी, अंगावर गार वारा, समोरून ट्रकचे दिवे. हँडल धरलेल्याला डुलकी तिथेच लागते, आणि मागे बसलेली तर त्याच्या आधीच पेंगत असते.

म्हणून आदल्या रात्री खिरेश्वर नाहीतर पाचनईला मुक्काम करा आणि उतरल्यावरही पुरती झोप घेऊनच निघा. गावातल्या घरांत पिठलं-भाकरी मिळते, अंथरूण मिळतं, त्यांनाही चार पैसे मिळतात. मुक्काम जमत नसेल तर त्या दिवशी गाडी घरीच राहू दे. आपण मध्य रेल्वेवर राहतो, हे भाग्य समज. पहिली कसारा लोकल धरायची, कसाऱ्याहून जीपने बारी गाव, आणि तिथून कळसूबाई. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. पेबच्या किल्ल्यासाठी तर नेरळला उतरलं की झालं. परतताना खिडकीशी डोकं टेकून दोघंही बिनघोर झोपा.

गाडीचे दिवस वेगळे ठेवा. भंडारदऱ्याला जा, रतनवाडीला अमृतेश्वराचं कोरीव देऊळ बघा, जलाशयाच्या काठाकाठाने पायी फिरा. किंवा लोहगड, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी एक. पायऱ्यांची वाट आहे, शरीर फार थकत नाही. मात्र मॅप दाखवतो म्हणून एक्स्प्रेसवेवर चढू नका, दुचाकीला तिथे मनाई आहे. पनवेलहून जुन्या रस्त्याने खोपोली आणि मग शिंग्रोबाचा घाट. तो जास्त सुंदरही आहे.

आता तुझ्याबद्दल. डबलसीट जायचं म्हणजे नुसतं मागे बसून राहायचं नाही. वळणावर तो झुकेल तसं तूही झुकायचं. घाबरून उलटीकडे अंग टाकलंस तर गाडी वळणातून बाहेर जाते. चढता-उतरताना त्याला सांगून, खांद्यावर हात ठेवून. ओढणी घरी ठेव, केस हेल्मेटच्या आत. चाकात अडकलेल्या ओढणीने किती जणी गेल्या, ते तू पेपरात वाचतेसच. हेल्मेट दोघांना, आयएसआयचं, हनुवटीखाली पट्टा आवळलेलं. कायद्यानेही मागच्या माणसाला ते सक्तीचं आहे. दोघं आणि सामान असलं की मागच्या टायरमधली हवा वाढवावी लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. मागचं वजन वाढलं की हेडलाइटचा झोत वर जातो आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकायची नाही, खालच्या गिअरवर उतरवायची. हे तुलाही माहीत हवं, म्हणजे तो चुकला तर तू बोलशील.

आणि बोलायचंच. निघण्याआधी दोघांत एक ठरवून टाका: दोघांपैकी कुणीही ‘परत फिरू’ म्हटलं की परत फिरायचं. का, कसं, इतकं जवळ आलोय, काही नाही. तो हट्टाने पुढे चालला आणि तू त्याचं मन मोडायला नको म्हणून गप्प राहिलीस, असं होता कामा नये. पावसाळ्यात तर मुळीच नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालच्या वाडीतली कितीतरी घरं दरडीखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना डोंगराने सावध केलं नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट असला की घाटही नको आणि गडही नको.

फोटोंसाठीही जीव पणाला लावू नका, आणि दिखाव्यासाठी तर काहीच करू नका. महाराष्ट्र पोलिसांतल्या एका दांपत्याने 2016 मध्ये एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला. छायाचित्रं बनावट निघाली, नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली, नोकऱ्याही गेल्या. जोडीने केलेली गोष्ट लोकांना दाखवण्यासाठी करायला लागलात की ती तुमची राहत नाही, असं मला फार वाटतं.

पुढे कधी लडाखला जालच. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पोचल्यावर दोन दिवस नुसता आराम, मगच खारदुंग ला. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर वर जायचं नाही. उंचीचा त्रास मागे बसलेल्यालाही तितकाच होतो.

आणि राणी, तू गाडी शीक. ही माझी सगळ्यात मोठी मागणी आहे. तो दमला, त्याचा पाय मुरगळला, त्याला ताप आला, तर माळशेजच्या रस्त्यावर तू काय करणार? हँडल हाती आलं की थांबायचं कुठे, निघायचं केव्हा, हे तूही ठरवशील. सुरुवातीला हलकी स्कूटर घे, ग्राउंडवर तोल सांभाळायला शीक, मग बुलेट. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, महिन्याभराने पक्क्याची परीक्षा देता येते. मुलुंड-घाटकोपरवाल्यांचं आरटीओ वडाळ्याला. फॉर्म ऑनलाइन भरता येतो. आज रात्रीच भर, आणि भरलास की मला कळव.