उन्हाळी परसबागेतील रोपांची पाहणी

परसबागेत पेरलेले बी उगवले नाही, म्हणजे पहिला दोष बियाण्यावर येतो. बियाणे निकृष्ट असू शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रिकाम्या राहिलेल्या आळ्यातील माती बोटाने हळूच उकरून पाहिली, तर पुष्कळ वेळा दोष निराळाच आढळून येतो. पेरणीपासून रोप हाती येईपर्यंतचे तीन ते सहा आठवडे रोज सकाळी पाच-दहा मिनिटे वाफ्यापाशी बसून पाहणे, हे परसबागेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम होय. चार महिन्यांची घरची भाजी त्यावर अवलंबून असते.

पाहणीचा आरंभ पेरणीच्या तारखेपासून होतो. ती तारीख पाटीवर अगर भिंतीवर कोठेही लिहावी, पण लिहावी. तारखेवाचून उगवण उशिरा होत आहे की वेळेवर, हे ठरविता येत नाही. जमिनीत ऊब असल्यास टोमॅटो सामान्यतः पाच ते आठ दिवसांत, वांगी सहा ते दहा दिवसांत व मिरची आठ ते बारा दिवसांत वर येते. भेंडी पाच-सात दिवसांत दिसू लागते. मात्र तिला ऊब फार लागते. देशावर जानेवारीच्या अखेरीस रात्री गार असतात. त्या वेळी टाकलेली भेंडी जमिनीत नुसती पडून राहते आणि पुष्कळदा कुजते. तीच भेंडी थंडी ओसरल्यावर, होळीच्या सुमारास टाकली, तर पाहता पाहता उगवते. शेजाऱ्याने आधी पेरली म्हणून आपणही पेरावी, यात फारसा अर्थ नाही.

मुदत उलटून गेली तर माती उकरावी. बी कोरडे व टणक सापडले, तर ओल पोहोचलेली नाही. कारल्यासारख्या जाड टरफलाच्या बियांत असे नेहमी घडते. ते बी एक दिवस पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून मग लावावे. बी फुगून मऊ झाले असेल व त्यास वास येत असेल, तर पाणी अधिक झाले किंवा जमीन थंड होती, असे समजावे. कोंब फुटला आहे, परंतु मातीच्या पापुद्र्याखाली मान वाकवून अडला आहे, असे दिसले, तर पाणी जोराने ओतल्याने वरची माती बसली आहे. अशा वेळी झारीने हलके पाणी शिंपडून पापुद्रा मऊ केला, तर उरलेले कोंब एक-दोन दिवसांत बाहेर येतात. आणि बी मुळी सापडलेच नाही, तर मुंग्यांची रांग शोधावी. वांगी, टोमॅटो यांचे बी त्या बेमालूम वाहून नेतात.

शंभर बियांतून शंभर रोपे येतील, ही अपेक्षाही बरोबर नव्हे. प्रमाणित बियाण्यास उगवणशक्तीची किमान मर्यादा भेंडीस 65 टक्के, टोमॅटो व वांगी यांस 70 टक्के आणि मिरचीस 60 टक्के आहे. म्हणजे भेंडीच्या पन्नास बियांतून तीस-बत्तीस रोपे आली, तर दुकानदाराशी भांडण्याचे कारण नाही. दहाच आली आणि वर सांगितलेल्यांपैकी कोणताही दोष आढळला नाही, तर मात्र स्वस्थ बसू नये. पाकीट, त्यावरील खूणचिठ्ठी, पावती व थोडे शिल्लक बी जपून ठेवले असेल, तरच तालुक्याच्या कृषी कार्यालयाकडे केलेल्या तक्रारीस आधार मिळतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट पेरणीपूर्वीच घरोघरी सांगावी.

काकडी, दुधी भोपळा, दोडका यांची उगवण विशेष पाहण्याजोगी असते. कोंबाच्या बुडाशी, मूळ व दांडा यांच्या सांध्यावर, एक लहानशी खुंटी फुटते. ती टरफलाची खालची कड दाबून धरते आणि दोन्ही दले टरफलातून ओढून बाहेर निघतात. बी फारच वर लावले गेले, तर खुंटीला धरावयास आधार राहत नाही. मग रोप टोपी घातल्यासारखे टरफल डोक्यावर घेऊन वर येते. ते कोरडे असताना उपटू नये, दले तुटतात. सकाळी पाण्याचे थेंब टाकून मऊ करावे व मग अलगद काढावे. ही दोन जाड दले म्हणजे रोपाची शिदोरी होय. खरी पाने येईपर्यंत रोप त्यांवरच जगते. तांबडे भुंगेरे नेमकी हीच दले कुरतडतात. भल्या पहाटे भुंगेरे मंद असतात; तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले, तर घरच्या आठ-दहा वेलांसाठी औषध लागत नाही.

खरा घात होतो तो मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या वाफ्यात. संध्याकाळी हिरवागार दिसणारा वाफा सकाळी एका कोपऱ्यात आडवा झालेला दिसतो. रोपे अजून हिरवीच असतात, पण जमिनीलगत दांडा पाण्याने भिजल्यासारखा होऊन आक्रसलेला असतो. यासच रोपे कोलमडणे म्हणतात. जमिनीतील पिथियम, रायझोक्टोनिया इत्यादी बुरशींमुळे हा रोग होतो. दाट पेरणी व सतत ओली माती त्यांना पोषक ठरते. घरातील माणसे रोप सुकले असे समजून आणखी पाणी घालतात आणि दोन-तीन दिवसांत वाफा संपतो. पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही; वाचवावयाचे असते ते शेजारचे. म्हणून पडलेली रोपे सभोवतालच्या मातीसह काढून टाकावीत, पाणी थांबवावे, दाट रोपे विरळ करावीत आणि 10 लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून उरलेल्या वाफ्यात रोपांच्या बुडाशी ओतावे. पुढील खेपेस वाफा 15 सेंटिमीटर उंच, गादीसारखा करावा, बी ओळीत पातळ टाकावे व पेरणीपूर्वी त्यास ट्रायकोडर्मा चोळावा. वाफ्यावर झाकलेला पेंढा कोंब दिसताच संध्याकाळी काढावा. एक दिवसाचा आळस झाला, तरी रोपे उजेडासाठी लांबट व फिकी होतात, आणि असे कमजोर रोप आधी पडते.

पाने वर वळून गोळा होऊ लागली, तर पानाची खालची बाजू पाहावी. फुलकिडे अगर पांढरी माशी रोपवाटिकेतच रोग देऊन जाते व त्याचे नुकसान पुढे फळाच्या वेळी कळते. वाफ्यावर बारीक नायलॉनची जाळी आरंभापासून लावणे हाच बरा उपाय.

चार ते सहा आठवड्यांत रोप वीतभर होते. लावणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करून ते काटक करावे, आदल्या दिवशी वाफा भिजवावा आणि ऊन उतरल्यावर लावणी करावी. वाफ्यातील सर्व रोपे एकदम उपटू नयेत. दहा-बारा रोपे मागे ठेवावीत, म्हणजे आठ दिवसांनी नांगे भरता येतात.