पलंग आधी घ्यावा

मी मूळची धुळ्याची. बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीमध्ये एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम करते आणि कारेलीबागेत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. लग्न झालेलं नाही, ठरलेलंही नाही. आमच्या खानदेशातल्या मुली शिकून सुरत-बडोद्याकडे नोकरीला येतात तेव्हा कुणाकुणाकडून माझा नंबर मिळवून फोन करतात. ताई, रूम कुठे बघू? डिपॉझिट किती द्यायचं? रात्री भीती नाही ना वाटत? प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते इथे सलग लिहिते आहे.

१. पलंग आधी घ्यावा.

बहुतेक मुलींच्या खोलीत जमिनीवर गादी, एक बादली, इंडक्शनची शेगडी, दोन ताटल्या आणि खिडकीला पडद्याऐवजी ओढणी असते. विचारलं तर म्हणतात, तात्पुरतंच आहे गं. लग्न झालं की सगळं तिकडे असेलच, मग आत्ता कशाला खर्च? अशा तात्पुरत्या खोलीत माझ्या ओळखीच्या मुलींची विशीची अखेर निघून गेली आहे. पाठ दुखते, जेवण वेळेवर होत नाही, कुणाला घरी बोलवायची लाज वाटते. म्हणून मी सांगते, पहिल्या दोन-तीन पगारांत पलंग, जाड बुडाची कढई, पडदे आणि वाचता येईल असा दिवा एवढं घ्याच. वस्तू लग्नानंतर विकता येतात किंवा सोबत नेता येतात. एकटीचं घर हे घरच असतं, कुठल्या तरी खऱ्या घराच्या आधीचा थांबा नसतो, हे मला मनापासून वाटतं. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

२. करारावर स्वतःची सही असावी.

खोली शोधताना प्रश्न ठरलेले असतात. एकटी? लग्न का नाही झालं? नॉनव्हेज? रात्री किती वाजता येणार? एका घरमालकांनी मला किल्ली दाखवली आणि पप्पांना धुळ्याहून सहीला बोलवा म्हणून सांगितलं. भाडं माझ्या पगारातून जाणार होतं, तरी करार पप्पांच्या नावावर हवा होता. ती खोली मी घेतली नाही.

महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो. इकडे सहसा ११ महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर होतो आणि नोटरीपुढे सही होते. चालतं ते, पण तुमची प्रत तुमच्याकडे हवी. डिपॉझिट रोख देऊ नका, बँकेतून द्या. राहायला जाताना लाईटच्या मीटरचा फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, ती मालकांनी दिली की नाही ते विचारा. पाहुण्यांबद्दल काही अट असेल तर ती कागदावर येऊ द्या. तोंडी अटी दर महिन्याला वाढत जातात.

याच शहरात १९१७ साली डॉ. आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नव्हती. बडोद्याचे राजे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आले, करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि जातीमुळे त्यांना कुणी खोली देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना तिथून निघावं लागलं. मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कमाटीबागेत काढले. आज तिथे संकल्पभूमी हे त्याचं स्मारक आहे. माझ्या अडचणीची त्या अपमानाशी तुलना होऊच शकत नाही, मी ती करतही नाही. पण आडनाव विचारून, चेहरा बदलून ‘खोली कालच गेली’ म्हणणारे आजही भेटतात, आणि दलित व मुसलमान मैत्रिणींना ते माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटतात. एखादीला जागा मिळत नसेल तर तिच्याबरोबर जा. दोघींनी गेलं की नकार देणाऱ्याला कारण सांगावं लागतं.

३. आपण पहिल्या नाही, हे माहीत असू द्यावं.

एकटी राहून कमावणारी मुलगी म्हणजे काहीतरी नवीन वारं, असं नातेवाईक बोलतात तेव्हा मला बडोद्याचा इतिहास उपयोगी पडतो. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ पासून ते साऱ्या संस्थानात लागू केलं. त्यात मुलीही होत्या. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा आला, १९३१ मध्ये हिंदू घटस्फोटाचा. महाराणी चिमणाबाईंनी १९११ मध्ये सहलेखकासोबत हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि त्यात बायकांना करता येतील अशा व्यवसायांचा विचार केला. १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. त्यांच्या नावाचं स्त्री उद्योगालय सूरसागर तलावाजवळ आहे. तिथून जाताना मला नेहमी बरं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी इथे कुणाला तरी पटलं होतं की बाईच्या हातात स्वतःचे पैसे हवेत.

आणि हंसाबेन मेहता. बडोद्याच्या दिवाणांची ही मुलगी १९४९ मध्ये नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कुलगुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला होता. त्याच्या पहिल्या कलमात सगळे पुरुष जन्मतः समान असं लिहिलं जाणार होतं, ते ‘सगळी माणसं’ असं व्हायला मुख्यतः हंसाबेन कारणीभूत ठरल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. आमच्या लॅबमधल्या बऱ्याच मुली तिथे बसून शिकल्या आहेत.

४. भाकरी करावी.

एकटीचा स्वयंपाक टिकत नाही तो कंटाळ्यामुळे नाही, मापामुळे. कणीक जास्त भिजते, भाजी तीन वेळा पुरते, मग चौथ्या दिवशी बाहेरून मागवलं जातं. भाकरीचं तसं नाही. एका भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, तिथल्या तिथे मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं. दुसरं भांडं खराब होत नाही. एक वांगं गॅसवर भाजलं, त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घातले की एका माणसाचं भरीत. दीड लिटरचा छोटा कुकर घ्या. फ्लॉवर अर्धा मागायला संकोच करू नका, खंडेराव मार्केटमधले भाजीवाले देतात.

लॅबमधून दमून आल्यावर सेवउसळ आहेच. हे बडोद्याचं खास खाणं. उसळीवर लाल रस्सा, वर शेव, चटणी, पातीचा कांदा, सोबत पाव. आमच्याकडच्या शेवभाजीवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्याच घासाला ओळखीची वाटते. गायकवाडांच्या मागोमाग इकडे आलेल्या मराठी माणसांचं स्वयंपाकघर आणि गुजरातचं फरसाण या वाडग्यात भेटतात असं मला वाटतं. लीलो चेवडो हे फरसाण मात्र घरात डबाभर आणून ठेवू नये, तेच रात्रीचं जेवण होऊन बसतं.

५. पगाराच्या कागदांवर कुणाचं नाव आहे ते बघावं.

मुली एसआयपी उत्साहानं सुरू करतात आणि नॉमिनीचा रकाना मोकळा ठेवतात. ईपीएफचं नॉमिनेशन ऑनलाइन भरता येतं. लग्न झालं की आधीचं रद्द ठरतं आणि नवं भरावं लागतं, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. अविवाहित हिंदू मुलीची स्वतःच्या कमाईची मालमत्ता, मृत्युपत्र नसेल आणि तिला मूल नसेल तर, १९५६ च्या वारसा कायद्यानं आई-वडिलांकडे जाते. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर संपते, म्हणून स्वतःची वेगळी, लहान वयातच काढावी.

६. एक किल्ली शेजारी असावी.

घराची दुसरी किल्ली खालच्या मजल्यावरच्या बेनकडे आहे. फ्रिजच्या दारावर एक कागद आहे. त्यावर माझा रक्तगट, पप्पांचा आणि लॅबमधल्या मैत्रिणीचा नंबर, मेडिक्लेमचा क्रमांक, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते. अँब्युलन्ससाठी १०८ आणि गुजरातची महिलांसाठीची अभयम हेल्पलाइन १८१ हे नंबर पाठ असावेत. मला ताप चढला होता तेव्हा बेननं त्याच किल्लीनं दार उघडून कढी-खिचडी आणून ठेवली.

पण किल्लीचा खरा अर्थ मला कळला तो ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस. मुसळधार पाऊस झाला आणि विश्वामित्री शहरात शिरली. नदीतल्या मगरी वस्तीतल्या रस्त्यांवर दिसल्या. आमच्या गल्लीत पाणी वाढत गेलं, वीज गेली. खालच्या घरात पाणी येणार हे दिसल्यावर बेन, त्यांचे यजमान, दोन मुलं आणि ऐंशीच्या घरातल्या बा असं सगळं कुटुंब माझ्या दोन खोल्यांत आलं. धान्याचे डबे, गाद्या, देवघर, मुलांची दप्तरं आम्ही जिन्यानं वर आणली. बांना पलंगावर झोपवलं. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर सगळ्यांचा भात शिजला. मुलं खिडकीतून पाणी बघत होती, आणि बा मला विचारत होत्या, एकटीला एवढी भांडी कशाला लागतात? मी म्हटलं, बा, आज लागली ना!

त्या दिवसांत कुणाला मी ‘वरची एकटी मुलगी’ वाटले नाही. आमच्याकडे सगळे जमले होते, आणि यजमानीण मी होते.

७. रात्र मागून घ्यावी.

नवरात्रात बडोदं बघावं. मैदानांवर हजारो माणसं अनवाणी, एकाच लयीत गोल फिरतात, मध्ये बसलेले गायक गात असतात. मध्यरात्र उलटल्यावर चणिया-चोळीतल्या मुली दुचाकीवरून घरी जातात, वाटेत चहा-नाश्ता करतात. कुणी त्यांना विचारत नाही की एवढ्या रात्री कुठे. रस्त्यावर दिवे असतात, पोलीस असतात आणि मुख्य म्हणजे खूप बायका असतात. भीती जाते ती त्यामुळे.

मग दसऱ्यानंतर असं काय बदलतं? सेकंड शिफ्ट संपवून लालबागच्या पुलावरून येताना मला हा प्रश्न दर वेळी पडतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई केली होती. कारण दिलं जायचं सुरक्षिततेचं. गुजरातनं २०२५ मध्ये कायद्यात बदल करून संमती असेल तर रात्रपाळीची मोकळीक दिली. ती मोकळीक मला हवी आहे, पण तिच्याबरोबर घरापर्यंतची गाडी, उजेड आणि पाळीत एकापेक्षा जास्त बायका हेही हवं आहे. संमतीपत्रावर सही करण्याआधी गाडी कुठपर्यंत सोडणार ते लेखी मागा. एकटीनं मागितलं तर टाळतात, चौघींनी मिळून मागा.

८. रविवारला कुठेतरी जायचं ठिकाण द्यावं.

आठवड्यातला अवघड दिवस रविवार. दुपारी तीन ते सहा सगळ्यात अवघड. मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला सुरुवात केली, त्यातलं हे मुख्य. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपतो. मराठी पुस्तकं भरपूर. कवी माधव जूलियनांचा जन्म बडोद्यातला, हे धुळ्याच्या शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं. २०१८ मध्ये इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, त्याच्या आठवणी दांडिया बाजारातली म्हातारी माणसं अजून सांगतात. माझ्या घरमालकीण आजी त्यांतल्याच. त्यांची मराठी ऐकत राहावी अशी आहे.

९. आई-वडिलांना राहायला बोलवावं.

फोनवर त्यांना आपलं आयुष्य कळत नाही. त्यांना ऐकू येते ती फक्त आपली दमलेली हाक. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा दोन दिवस कपाटं आवरत होती. तिसऱ्या दिवशी बेनबरोबर भाजीला गेली, दोघी आपापल्या भाषेत बोलत परत आल्या. पप्पा माझ्याबरोबर मकरपुऱ्यापर्यंत येऊन कंपनीचं फाटक बघून गेले.

लग्नाचा विषय निघतोच, निघू द्यावा. मी त्यांना सरळ सांगितलं की स्थळं बघा, मनासारखा माणूस मिळाला तर मला लग्न करायचं आहे. पण मी इथे एकटी राहते आणि नोकरी सोडणार नाही, हे समोरच्यांना आधी सांगा. पप्पांनी बायोडेटामध्ये ‘सध्या बडोदे येथे स्वतंत्र राहते’ अशी ओळ स्वतःच घातली. ती वाचून काही स्थळांनी पुढे कळवलंच नाही. नात्यातल्या एका काकांनी ती ओळ काढून टाका असं सुचवलं. पप्पांनी ती तशीच ठेवली आहे.